आकडा तुमच्या नावावर आहे का?

प्रश्न : चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सहा वर्षं क्वालिटीत आहे. वय २८. प्लांट हेड व्हायचं आहे. नोकरी सोडून एमबीए करू का?

उत्तर : त्याआधी सांगा, या सहा वर्षांत पैशांचा एखादा आकडा तुमच्या नावावर होता का? क्वालिटीतला माणूस रिजेक्शन, म्हणजे बाद झालेला माल, टक्क्यांत सांगतो, प्लांट हेडला ते रुपयांत सांगावं लागतं. मी पहिल्यांदा मासिक आढाव्याला बसलो तेव्हा 'सव्वादोन टक्के' म्हणालो. साहेबांनी विचारलं, 'म्हणजे किती रुपये?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या संध्याकाळी कॉस्टिंगवाल्याशेजारी वही घेऊन बसलो : पोलाद, मशीनचा तास, मजुरी, भंगारातून परत येणारे पैसे. तेव्हा कळलं, की फोर्जिंगनंतर, म्हणजे पोलाद ठोकून आकार दिल्यावर, लगेच बाद झालेला भाग आणि हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग सगळं होऊन शेवटी बाद झालेला भाग टक्केवारीत सारखेच मोजले जातात, पण दुसऱ्यात कितीतरी जास्त पैसा बुडालेला असतो.

म्हणून आधी प्रॉडक्शनमध्ये बदली मागा. शिफ्ट सांभाळा, रात्रपाळीसुद्धा. दोन ऑपरेटर आले नाहीत आणि डिस्पॅच आजच जायचा आहे, अशा वेळी कुणाला कुठल्या मशीनवर उभं करायचं, हे वर्गात शिकता येत नाही. दोन-तीन वर्षांनी शिकायला जायचं ठरलंच, तर अनुभवी लोकांसाठीचे एक वर्षाचे पूर्णवेळ अभ्यासक्रम बघा. आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्स या अशाच अभ्यासक्रमाला वय किमान २५ आणि पदवीनंतर निदान चार वर्षांचा अनुभव लागतो. प्रवेशासाठी जीमॅट किंवा जीआरईचे गुण धरतात. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलांबरोबर दोन वर्षं बसण्यापेक्षा तुम्हाला हे जास्त उपयोगी पडेल. कर्ज काढण्याआधी मात्र घरी नीट बोला. मागे पगार नसताना हप्ता डोक्यावर ठेवणं सोपं नसतं.

प्रश्न : मराठी माध्यमातून शिकलो. मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलायची वेळ आली की गप्प बसतो.

उत्तर : तीन वाक्यं आदल्या रात्री लिहून न्या : काय झालं, किती नुकसान, माझा उपाय काय. मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांतच ती बोलून टाका. उशीर केला की धीर सुटतो. हे मी खूप जणांकडून करून घेतलं आहे आणि फरक पडताना पाहिला आहे.

प्रश्न : सातपूरला वडिलांचं वर्कशॉप आहे, बावीस कामगार. मी दोन वर्षांपासून येते. सगळे मला 'ताई' म्हणतात, पण निर्णय विचारायला बाबांकडेच जातात.

उत्तर : वडिलांशी भांडून हे सुटणार नाही, आणि त्यांच्या शेजारी खुर्ची टाकूनही नाही. त्यांच्याकडून एक काम पूर्ण मागून घ्या. मी तर म्हणेन, वसुली घ्या. लहान कारखाने बहुधा कामाअभावी अडत नाहीत, अडकलेल्या बिलांनी अडतात. तुमच्याकडे उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल, तर २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा तुमच्या बाजूने आहे : लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या बँक दराच्या तिप्पट व्याज. पहिल्याच फोनवर कायदा काढू नका, गिऱ्हाईक दुखावतं. पण तो तुम्हाला पाठ हवा, म्हणजे बोलताना आवाज कापत नाही.

दर सोमवारी कोणाकडे किती दिवसांचे किती पैसे आहेत, त्याचा एक कागद बाबांच्या टेबलावर ठेवा. फोरमनकाकांनाही तो दाखवा. पोलाद कधी येणार हे त्या पैशांवर ठरतं, हे त्यांना दिसू लागलं की माल कधी उचलायचा हे विचारायला ते तुमच्याकडेच येतील. बाबांना आधीच सांगून ठेवा, की असा प्रश्न आला तर त्यांनी फक्त एवढंच म्हणावं : 'ताईला विचारा.'