बोल्ट किती जाड, यापेक्षा तो बसतो कशात

गुहागरजवळचं जुनं घर, मागचं दार आणि चार खिडक्या, घरात आईवडील दोघंच, आणि दिवाळीनंतर ते दोन महिने मुंबईला येणार. कुठला बोल्ट घेऊ, असं विचारलंत. दुकानात गेलात की जाडजूड बोल्ट पुढे करतील. तो घेण्याआधी चौकट बघा.

आमच्या देवगडच्या घराचं मागचं दार फोडलं गेलं तेव्हा दहा इंची पितळी टॉवर बोल्ट धड होता, दांडी वाकलीसुद्धा नव्हती. दांडी ज्यात शिरते ती चौकटीवरची पट्टी मात्र स्क्रूंसकट उपटून पडवीत पडली होती. स्क्रू अर्ध्या इंचाचे, साधे लोखंडी. हातात घेतले तर आटे खाऊन गेलेले, बोटांना तांबूस भुकटी लागली. पितळेला लोखंडी स्क्रू लावला की खाऱ्या दमट हवेत आधी लोखंड गंजतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. त्या रात्री घरात कोणी नव्हतं. म्हणूनच तुमचा प्रश्न वाचून एवढं लिहायला बसलो.

पूर्वीचा अडसर आठवा. दाराच्या दोन्ही बाजूंना जांभ्याच्या भिंतीत खोल भोकं आणि आडवा लाकडी दांडा. दारावरचा धक्का थेट भिंत झेलायची. तुमच्या घरात ती भोकं अजून असतील तर बुजवू नका. नवा दांडा करून घ्या, मागच्या दाराला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

बोल्ट लावायचाच तर मागच्या दाराला दोन, एक वर आणि एक खाली. फळीच्या जाडीत लपणारा, आतून दातेरी किल्लीने फिरवायचा बोल्ट मिळतो, तो मला आवडतो, कारण बाहेरून त्याचा पत्ताच लागत नाही. कोपऱ्यापासून सहा-सात इंच सोडून बसवा. उभी आणि आडवी पट्टी जिथे सांध्यात बसते तिथे भोक पाडलंत तर दारच कमजोर होतं. एक मात्र लक्षात ठेवा, या बोल्टांची किल्ली बहुधा सगळ्यांना सारखीच असते आणि तो फक्त आतून लागतो. घर सोडताना ज्या दारातून बाहेर पडता त्याला चांगलं मोर्टिस लॉक (फळीच्या जाडीत बसणारं कुलूप) किंवा अल्ड्रॉप (बाहेरून कुलूप लावायची आडवी दांडी) हवाच. अल्ड्रॉप आणि कोयंडा स्क्रूवर टांगू नका. आरपार बोल्ट घालून नट आतल्या बाजूला घ्या.

दार बाहेर उघडत असेल तर बिजागऱ्यांची खिळी बाहेर येते, आणि ती ठोकून काढली की तुमचे बोल्ट एका बाजूला राहतात. त्या बाजूला दाराच्या कडेत दोन पोलादी खुंट्या बसवून घ्या. दार मिटलं की त्या चौकटीत शिरतात.

धातूचं म्हणाल तर समुद्र जवळ असेल तर 316 प्रतीचं स्टेनलेस स्टील मागा. त्यात मॉलिब्डेनम असतं, म्हणून खाऱ्या वाऱ्यापुढे नेहमीच्या 304 प्रतीपेक्षा टिकतं. नाही मिळालं तर 304 चालेल, पण स्क्रूही त्याच धातूचे. चौकटीत निदान अडीच इंच जायला हवेत.

सुताराला मे महिन्यात बोलावलंत तर त्याला सांगा, चौकटीतलं भोक वर-खाली एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, सैल ठेव. आषाढात फळी फुगते, दार लोंबतं, दांडी भोकात शिरत नाही. मग माणसं बोल्ट लावायचाच सोडतात, हे मी शेजारीपाजारी कितीदा पाहिलंय.

खिडक्यांना गज असतील तर ते चौकटीत खोलवर गेलेत ना, हलवून बघा. खाली गंजून बारीक झालेला गज हाताने वाकतो. झडपांची लाकडी पट्टी अरुंद असते, तिथे असाच किल्लीचा, पण आखूड बोल्ट घ्या. स्लायडिंग खिडकी असेल तर ती वर उचलून रुळातून निघते का बघा. निघत असेल तर वरच्या रुळात स्क्रू घालून ती वाट बंद करा.

किल्लीच्या भोकात खोबरेल घालू नका, धूळ धरून चिकट होतं. ग्रॅफाइटची पूड घाला.

आणि आईवडील घरात असताना, रात्री बाहेर पडायच्या दाराला किल्लीचा बोल्ट नको, साधी कडी आणि अडसर पुरे. गॅस भडकला तर अंधारात किल्ली शोधायला वेळ नसतो. खिडक्यांची किल्ली खिळ्याला टांगा, दोघांनाही जागा माहीत हवी, पण खिडकीतून हात घालून पोचेल अशी नको.

चौकट लाकडाची आहे की सिमेंटची, ते कळवा. सिमेंटची असेल तर स्क्रू आणि प्लगचं वेगळं सांगावं लागेल.