अरबी मकामातले (मकाम म्हणजे साधारण त्यांचा राग) पाव स्वर, म्हणजे कोमल आणि शुद्धच्या मधले सूर, आपल्या २२ श्रुतींपैकीच, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म जागांपैकीच, आहेत का? कीबोर्डवर ते वाजवता येतील का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाहीत. दुसऱ्याचं: येतील, पण जाणकाराला ऐकवणार नाहीत.

एवढ्यावर थांबलो असतो. पण प्रश्नाखाली तुम्ही "शेवटी सगळं आपल्या श्रुतींतूनच तिकडे गेलंय" असं जोडलंय, आणि हे वाक्य मी आमच्या साडूंकडून इतक्यांदा ऐकलंय की गप्प बसवत नाही.

आधी हिशेब. सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग, पेटीच्या लगतच्या दोन सुरांत असे शंभर. २२ श्रुतींची जी यादी हल्ली सगळीकडे छापली जाते, तिच्यात सापासून मोजलं तर कोमल गंधाराच्या जागा २९४ आणि ३१६ सेंटवर येतात, शुद्ध गंधाराच्या ३८६ आणि ४०८ वर. ३१६ ते ३८६ मध्ये काही नाही. रस्त मकामातला तिसरा सूर, ज्याला ते सिकाह म्हणतात, कैरोकडे साधारण ३५० च्या आसपास लागतो. म्हणजे आपली यादी जिथे रिकामी आहे नेमका तिथे. रस्तच्या निषादाचंही तेच. कुणी म्हणेल, दरबारीचा अतिकोमल गंधार आहे की. अहो, तो कोमलच्या खाली जातो, हा वर आहे. शिवाय दरबारीतला गंधार आंदोलनात झुलतो. सिकाहवर ते चक्क न्यास करतात, म्हणजे थांबून विसावतात. त्याच नावाचा एक मकाम तर त्या सुरालाच घर मानतो.

आता साडूंचं. नोकरीनिमित्त मी मस्कतला होतो. ऑफिसात एक इजिप्शियन अकाउंटंट होते, घरी ऊद हे तंतुवाद्य वाजवायचे, आम्ही त्यांना उस्ताज म्हणायचो. मी हिंदुस्थानी व्हायोलिन शिकलेला. जुन्या अरबी पद्धतीत व्हायोलिन सोल-रे-सोल-रे असं लावतात, म्हणजे आपलंच सा-प-सा-प, त्यामुळे त्यांच्याकडच्या बैठकीत हात परका पडला नाही. कानाला मात्र वेळ लागला. सुरुवातीला तो गंधार ऐकून कुणीतरी बेसूर गातंय असंच वाटतं. मग एक दिवस वाटेनासं होतं.

साडू सुट्टीला आले तेव्हा त्यांनाही नेलं. ते पेटीवाले, संगीत विशारद. बरोबर माझ्या मुलीचा कीबोर्ड घेतला होता. तो अरबी बाजारासाठी बनवलेला, बटण दाबलं की हवी ती पट्टी पन्नास सेंट उतरते. पांढरी एक सा धरून, ग आणि नि उतरवून साडूंनी रस्त वाजवला. उस्ताजनी मान डोलावली. साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. मग उस्ताजनी बयाती हा दुसरा मकाम सुरू केला. बयाती त्याच सप्तकाच्या रेपासून उठतो, म्हणून रस्तचा तो गंधार इथे दुसरा सूर होतो. कागदावर चिन्ह एकच, पट्टी एकच. साडू तसेच वाजवत राहिले आणि उस्ताजनी ऊद थांबवून हाताने खाली, खाली असं दाखवलं. बयातीत तो सूर रस्तपेक्षा किंचित उतरवून लावतात. ऊदला पडदे नसतात, त्यामुळे त्यांनी बोट जरासं सरकवून दोन्ही जागा वेगळ्या ऐकवल्या. मला स्वच्छ कळलं. साडूंना फरक ऐकू आला नाही, की ऐकू येऊनही मान्य करायचा नव्हता, देव जाणे. परतताना गाडीभर साडूंचं एकच: श्रुती मोजणारे सांगलीचे देवल, इंग्रज अधिकारी क्लेमंट्ससाहेब आणि त्यांची २२ श्रुतींची पेटी. त्या दोघांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण त्यांनी आपले सूर मोजले, बगदादचे नव्हे. बगदादमध्ये आठव्या शतकात झलझल नावाचा ऊदवादक होता. कोमल आणि शुद्धच्या मधल्या गंधाराची जागा आजही त्याच्याच नावाने ओळखतात, आणि दहाव्या शतकातल्या अल-फाराबीच्या ग्रंथात तिचा हिशेब आहे.

"मग सप्तकाचे चोवीस समान पाव स्वर म्हणतात ते?" ती सोय आहे. एकोणिसाव्या शतकात मिखाईल मिशाका या अरब लेखकाच्या लिखाणामुळे ती मांडणी गाजली. १९३२ साली राजा फुआदने कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरवली, बार्टोक आणि हिंडेमिथ यांच्यासारखे युरोपीय संगीतकार पाहुणे म्हणून आले, पाव स्वरांचे पियानोही मांडले गेले. तरी सगळे अंतर एकसारखे मानावेत यावर तिथे एकमत झालं नाही. होणार कसं? इस्तंबूलच्या ग्रंथांत रस्तचा तिसरा सूर ३८४ सेंटच्या जवळ धरतात, म्हणजे जवळपास आपला शुद्ध गंधार. तालुका बदलला की बोलीचा हेल बदलतो, तसंच हे. कानून या वाद्याला तारांखाली छोट्या पट्ट्या असतात, डाव्या हाताने उचलून सूर चढवायच्या. तुर्की कानूनला त्या अरबी कानूनपेक्षा जास्त असतात, ते उगाच नाही.

एक सांगायचं राहिलं. ३५० हा आकडा ढोबळ आहे. वादक, गाव, मकाम, सूर वर चाललाय की खाली, यावर तो हलतो. आणि हिजाझ, नहावंद, अजम, कुर्द हे मकाम पेटीवरही बऱ्यापैकी निभतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या घरात मात्र मी हे कबूल करत नाही.

शिकायचं कसं, तर इजिप्तची गायिका उम्म कुलसूम हिची जुनी ध्वनिमुद्रणं लावा आणि तानपुरा बंद ठेवून बरोबर गा. वाद्य घ्यायचंच असेल तर व्हायोलिन किंवा ऊद घ्या. कीबोर्ड आधीच घरात असेल तर त्या बटणावर थांबू नका, सेंटमध्ये सूर हलवायची सोय शोधा. बयातीसाठी वेगळी नोंद करून तो सूर आणखी पाच-दहा सेंट उतरवा, मग ऊदच्या ध्वनिमुद्रणाशी ताडून बघा. साडूंना हेच आकडे मी व्हॉट्सॲपवर पाठवले होते. उत्तरादाखल त्यांनी आकाशवाणीने १९४० साली पेटीवर कशी बंदी घातली, यावरचा एक लेख पाठवला.