हिरव्यावर लाल अक्षरं आणि केळीचे सात नंबर

प्रश्न : काका, मी बीकॉम झालोय, सहा महिन्यांपासून फ्लेक्सच्या दुकानात बसतो. सॉफ्टवेअरची बटणं सगळी येतात पण डिझाइन म्हणून जे असतं ते जमत नाही. परवा लग्नाचं बॅनर केलं, हिरव्यावर लाल अक्षरं, स्क्रीनवर भारी दिसत होतं, छापून आलं तर मालक म्हणे डोळे दुखतात भो, नवरदेवाचं नावच वाचता येईना. वरून रंगही मळकट. घरी पोस्टर कलर कालवून बघितले तर लाल-निळ्याचा जांभळा व्हायच्या ऐवजी चिखल झाला. क्लास लावायला पैसे नाहीत, सुरुवात कुठून करू? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : भाऊ, हिरव्यावर लाल हा उद्योग मी तुझ्याआधी करून बसलोय. फ्लेक्स यायच्या आधी मी दुकानांचे बोर्ड रंगवायचो. एका किराणावाल्याचा पत्रा होता, हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात दिले, वर लालभडक अक्षरं काढली, जवळून बघितलं तर मलाच माझं कौतुक वाटलं. मालक रस्ता ओलांडून चहाच्या टपरीपाशी उभा राहिला, परत आला आणि म्हणे, पेंटरसाहेब, नाव कुठं लिहिलं? मग अक्षरांना पांढरी कड मारून दिली तेव्हा कुठं वाचता आलं. पण कड मारल्यावर का वाचता आलं हे कळायला मला पुढं दोन-तीन वर्षं गेली, तुला आत्ताच सांगून टाकतो.

आपला डोळा अक्षर वाचतो ते मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावर, रंगावर नाही. लाल आणि हिरवा रंगचक्रात समोरासमोर बसतात म्हणून एकमेकांना भडकवतात, आणि त्यात दोघं सारखेच गडद असले की कडा थरथरल्यासारख्या होतात. तुझ्या त्या बॅनरचा मोबाइलवर फोटो काढ आणि ब्लॅक अँड व्हाइट कर, माझी खात्री आहे की अक्षरं पाठीमागच्या रंगात बुडालेली दिसतील. इथून पुढं प्रत्येक डिझाइन छापायला द्यायच्या आधी हे एकदा करायचंच. पिवळा मुळातच सगळ्यात उजळ, जांभळा सगळ्यात गडद, म्हणून पांढऱ्यावर पिवळी अक्षरं कधी टाकू नको, गिऱ्हाइकानं कितीही हट्ट केला तरी.

आता सुरुवात. पहिला महिना रंगाला हात लावू नको. काळा घोटीव कागद आण, त्याचे सारख्या मापाचे चार चौकोन काप आणि पोस्टकार्डाएवढ्या पांढऱ्या कागदावर नुसते सरकवत बस. एकदा गर्दी दाखव, एकदा वरून काहीतरी पडतंय असं दाखव, एकदा एकटा राहिलेला चौकोन. चिकटवायचं नाही, सरकवायचं. चार दिवसांत लक्षात येतं की चौकोनांच्या मधली पांढरी जागा पण एक आकारच आहे आणि तोल तिच्यामुळंच जातो नाहीतर राहतो. तुमच्या बॅनरमध्ये ही मोकळी जागाच नसते, तिथं चुलतमामांचे फोटो असतात (ते तुझ्या हातात नाही, माहितीये).

त्यानंतर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्याच्या नऊ पायऱ्या रंगव. मग त्यातल्या मधल्या करड्याचे दोन तुकडे काप, एक काळ्या कागदावर ठेव, एक पांढऱ्यावर. एकाच रंगाचे तुकडे, पण काळ्यावरचा उजळ दिसेल आणि पांढऱ्यावरचा गडद. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात विणलेले पडदे बनायचे, तिथं रंगाईखात्यावर शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता, त्याच्याकडं तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो. रंग तपासला तर ठणठणीत. घोळ शेजाऱ्यांचा होता, निळ्या-जांभळ्याच्या शेजारी तो काळा मार खात होता. 1839 साली त्यानं यावर जाडजूड ग्रंथ छापला. म्हणून एकटा रंग निवडायचा नसतो, शेजार निवडायचा असतो.

मग रंग. सावदा-रावेरकडं रायपनिंग चेंबरवाल्यांना (केळी पिकवायच्या खोल्या चालवणाऱ्यांना) विचार, केळी किती पिकली हे ते रंगावरून नंबरात सांगतात, 1 म्हणजे पूर्ण हिरवी, 6 म्हणजे पूर्ण पिवळी, 7 ला पिवळ्यावर तपकिरी ठिपके. तू 1 ते 6 हिरव्या-पिवळ्या दोनच बाटल्यांतून रंगवून दाखव. सोपं वाटतं, पण 3 आणि 4 मधला फरक पकडताना घाम फुटतो. आणि 7 चे ठिपके तयार तपकिरीतून नाही, पिवळ्यात थोडा लाल आणि कणभर निळा टाकून कर.

चिखलाचं कारण बहुतेक हे की तुझा लाल व्हर्मिलियन असणार, त्यात पिवळ्याची झाक असते, आणि निळा प्रशियन असेल तर त्यात हिरव्याची. म्हणजे लाल, निळा, पिवळा तिघं एकत्र आले, मग चिखलच होणार. क्रिमसन लाल आणि अल्ट्रामरीन निळा घे, जांभळा होतो.

छापल्यावर मळकट दिसलं त्याचं असं, स्क्रीनवर प्रकाश असतो, लाल-हिरवा-निळा मिळून पांढऱ्याकडं जातात, आणि मशीनमध्ये शाई असते, जितकी मिसळाल तितकी गडद. स्क्रीनवरचा तो रेडियमसारखा हिरवा चार शायांतून निघतच नाही. फाइल आधीपासून सीएमवायकेत (म्हणजे छपाईच्या याच चार शायांच्या हिशोबात) कर आणि वीतभर पट्टी छापून दुपारच्या उन्हात धरून बघ, ट्यूबलाइटखाली नको.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसणार. 48 रंगांचा बॉक्स घेऊन देऊ का? (एक आई, शहादा)

उत्तर : नको ताई. प्रत्येक मूळ रंगाचे दोन घ्या: लेमन येलो आणि क्रोम येलो, व्हर्मिलियन आणि क्रिमसन, अल्ट्रामरीन आणि प्रशियन ब्लू, वर पांढऱ्याची मोठी बाटली, ती लवकर संपते. 48 असले की पोरं कालवतच नाहीत, झाकण उघडतात आणि फासतात. दिवाळीच्या सुट्टीत तिला अजिंठ्याला न्या, जळगावहून साठेक किलोमीटर आहे. तिथं गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढरा एवढ्यावर भिंतीच्या भिंती रंगवल्यात, निळा दगड तेवढा बाहेरून आणलेला. तिला सांगा की एकाच चित्रातले वेगवेगळे तांबूस किती ते मोज. काळ्याची बाटली मात्र सध्या कपाटात ठेवा, सावली काढायची म्हटलं की पोरांचा हात आधी तिच्याकडंच जातो.