कडाक्याची थंडी: परसबाग, खुराडं आणि गोठ्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, सिन्नर, चांदवड, येवला या पट्ट्यातून थंडीबद्दल आलेले प्रश्न एकत्र घेऊन उत्तरं देतोय. द्राक्ष आणि कांद्याचा सल्ला वेगळा निघतो, म्हणून ती पिकं इथे घेतलेली नाहीत. आलेले प्रश्न बहुतेक घरच्या बाईमाणसांचे आहेत: घरामागचे चार वाफे, दहा-वीस कोंबड्या, दोन शेळ्या, एखादी गाय. सरकारी पत्रकात या गोष्टींना दोन ओळींच्या वर जागा मिळत नाही, आणि मीठ-मिरचीचा खर्च मात्र त्यांच्यावरच निघतो.

आधी पाऱ्याबद्दल. किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेलं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी असलं, तर हवामान खातं सपाट प्रदेशात थंडीची लाट जाहीर करतं. पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली आला तर सरासरी बघायचीही गरज उरत नाही. बातम्यांत येणारा निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा असो की दुसरा कुठला, तो जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, लाकडी पेटीत सावलीत ठेवलेल्या तापमापीचा असतो. निरभ्र रात्री जमिनीलगत त्याहून दोन-चार अंश कमी भरतात. म्हणजे पेपरात ६ छापून आलं असेल, तर तुमच्या मेथीच्या पानाने २ किंवा ३ सोसलेले असू शकतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावरचं दव गोठतं आणि गावात त्याचा पत्ताही नसतो, ते यामुळेच.

*चांदवडकडच्या एका ताईंनी विचारलंय: टोमॅटो-वांग्यावर रात्री जुन्या साड्या टाकल्या, तरी शेंडे काळे पडले. साडीचा उपयोग होत नाही का?*

होतो, पण टाकायची कशी यावर सगळं अवलंबून आहे. झाडाला स्वतःची ऊब नसते. दिवसभर उन्हाने तापलेली जमीन रात्री ऊब सोडते, ती वर आकाशात निघून जाऊ द्यायची नाही एवढंच साडीचं काम. साडी फक्त शेंड्यांवर टाकली आणि खाली चहूबाजूंनी उघडं राहिलं, तर ऊब बाजूने निघून जाते. चार काठ्या रोवा, साडी किंवा गोणपाट त्यावरून जमिनीपर्यंत सोडा आणि कडेला विटा ठेवा. कापड पानांना टेकू देऊ नका. प्लॅस्टिक तर मुळीच टेकू देऊ नका, त्याला चिकटलेली पानं हमखास जळतात. ऊन वर आलं की झाकण काढायचं, नाहीतर दिवसा जमीन तापणार कशी?

वाफ्यात पाणी दुपारी तीनच्या सुमारास द्या. कोरड्या, भुसभुशीत मातीपेक्षा ओली माती ऊब जास्त साठवते. पाणी बुडाशी द्यायचं, पानांवर मारायचं नाही. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी वापरा. पहाटेच्या गारठ्यात ते हाताला कोमट लागतं, टाकीत रात्रभर राहिलेलं पाणी बर्फासारखं झालेलं असतं.

ताईंचे शेंडे काळे पडलेत, ते आत्ता छाटू नका. काळी पडलेली पानं खालच्या डोळ्यांवर, म्हणजे नवी फूट निघते त्या जागांवर, आडोसा धरतात. थंडी ओसरून नवी फूट दिसली की मग कात्री लावा. आणि झाड दुखावलंय म्हणून युरिया टाकायची घाई करू नका. युरियाने निघालेली लुसलुशीत फूट पुढच्या थंडीत सगळ्यात आधी जाते. टोमॅटोची फुलं गळत असतील, तर त्याचं कारण हे, की रात्री १२-१३ अंशांच्या खाली गेल्या की परागकण नीट काम करत नाहीत. दुकानदार संजीवकाची, म्हणजे फळधारणेच्या औषधाची, बाटली पुढे करेल. परसातल्या दहा झाडांसाठी ती घ्यायची काही गरज नाही, ऊब आली की फळ आपोआप धरतं.

*दुधी, दोडका, काकडीचं बी पंधरा दिवस झाले तरी उगवलं नाही. बी खोटं निघालं का?*

बहुतेक बी चांगलंच असणार. वेलभाज्यांच्या बियांना माती उबदार लागते. गारठलेल्या ओल्या मातीत बी फुगतं आणि कुजतं. एक दाणा उकरून बघा. दाबल्यावर मऊ पडून वास आला तर तो गेला. टणक असेल तर अजून आशा आहे. नवीन लावायचं असेल तर बी कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, कारलं असेल तर दिवसभर जास्त. मग ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधून चुलीच्या मागे किंवा भुसकटाच्या पोत्यात ठेवा. मोड दिसला की कागदी पेल्यात माती-शेणखत भरून लावा आणि रात्री घरात घ्या. एवढा खटाटोप नको असेल तर सरळ संक्रांतीनंतर लावा, मागे पडलेले वेल लवकर बरोबरी करतात. वाफा रिकामा ठेवू नका. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, वाटाणा यांना ही थंडी मानवते. वाटाण्यावर पांढरी भुरी दिसली तर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात, संध्याकाळी फवारा.

तुळस वाळतेय, हा प्रश्न तर दरवर्षी येतो. मंजिऱ्या आल्या आणि वर थंडी पडली की तुळस पानं टाकते, आणि आपण काळजीने रोज तांब्याभर पाणी घालत राहतो. त्या पाण्यानेच मूळ कुजतं. कुंडी चारही बाजूंनी गार पडते, म्हणून जमिनीतल्या झाडाला दिलेला ओलाव्याचा सल्ला कुंडीला लागू करू नका. बोटाचं पेर आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी, तेही सकाळी दहा-अकराला. मंजिऱ्या खुडा, वाळलेल्यांचं बी जपून ठेवा, आणि रात्री कुंडी भिंतीलगत वळचणीला घ्या. कढीपत्त्याचं पान पिवळं होऊन गळणं हेही याच दिवसांतलं. त्याला ताक पाजत बसू नका, फाल्गुनात तो स्वतःहून फुटतो.

आता जनावरांकडे. इथे वरचा नियम उलटा होतो. झाडाच्या बुडाशी ओल हवी, जनावराच्या बुडाशी कोरडं हवं. आलेल्या तक्रारी वाचल्यावर माझं स्पष्ट मत असं, की यातली बरीचशी मरतूक निव्वळ थंडीची नाही. ओली जागा, कोंडलेली हवा आणि धूर यांनी ती झालेली आहे.

*सिन्नर तालुक्यातले एक भाऊ लिहितात: गिरिराज जातीच्या कोंबडीची पन्नास पिल्लं आणली. खोलीला ताडपत्री लावली, फटी बुजवल्या, आत एलईडी बल्ब आणि कोळशाची शेगडी ठेवली. सकाळी एका कोपऱ्यात ढिगाने मेलेली सापडली.*

भाऊ, तुम्ही काळजी घेतलीत, तीच उलटली. बंद खोलीत कोळसा जळला की विषारी वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. पिल्लांच्या जागी माणूस झोपला असता तर त्याचंही तेच झालं असतं. म्हणून शेगडी खुराड्यात नको, गोठ्यात नको आणि आपल्या झोपायच्या खोलीतही नको.

दुसरी गोष्ट एलईडीची. तो उजेड देतो, ऊब जवळजवळ देत नाही. पिल्लांसाठी जुना तारेचा पिवळा बल्ब किंवा ब्रूडरचा, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायचा, खास बल्ब लागतो. पिल्लामागे साधारण २ वॅट धरा, म्हणजे पन्नास पिल्लांना १०० वॅटचा एक. तो दीड फुटावर टांगा आणि खाली तूस पसरा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला ३५ अंश ऊब हवी, पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करत न्यायची. तापमापी नसली तरी अडत नाही, कारण पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढली तर ऊब कमी पडतेय, बल्ब खाली घ्या. कडेला पळून चोची उघडून धापत असली तर जास्त होतेय. सगळी एकाच बाजूला सरकून बसली असतील तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याची झोत येतेय, ती फट शोधा. सगळीकडे विखरून, पाय पसरून झोपली की तुम्हीही झोपायला मोकळे.

चौकोनी खोलीत कोपरे असतात आणि घाबरलेली पिल्लं कोपऱ्यातच चेंगरतात. पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं गोल रिंगण करा. वीज जाण्याचा भरवसा नाही, तेव्हा गरम पाण्याच्या दोन-तीन बाटल्या गोणपाटात गुंडाळून रिंगणात ठेवायची तयारी असू द्या. ताडपत्री लावाच, पण वारा येतो त्या बाजूला, खालून वर. छताखाली वीतभर जागा उघडी राहिली पाहिजे. रात्री खुराड्यात वाकून, कोंबडीच्या उंचीला नाक नेऊन बघा. डोळे चुरचुरले तर हवा कोंडलेली आहे आणि तूस ओलं झालंय. मूठभर तूस दाबा: मूठ उघडल्यावर सुटलं तर ठीक, गोळा तसाच राहिला तर ते काढून कोरडं घाला. थंडीत तुसाचा थर चार इंचांच्या खाली नको, आणि रोज एकदा तो खालीवर करा.

मोठ्या कोंबड्यांनी अंडी बंद केली, अशी तक्रार तर गावोगाव आहे. आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, आणि अंड्याला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. इथे मात्र एलईडी चालतो. पहाटे चारला लावून उजाडेपर्यंत ठेवा. गावरान कोंबडीचा हा तसा विसाव्याचा काळ आहे. दोन-चार कोंबड्या घरापुरत्या असतील तर मी म्हणेन, त्यांना विसावा घेऊ द्या.

*शेळी रात्री व्याली, करडू गारठलं होतं. चमच्याने दूध पाजलं, तरी गेलं.*

गारठलेल्या करडाला दूध पाजू नका. त्याच्या तोंडात बोट घाला. आतून गार लागलं तर ते धड गिळू शकत नाही, आणि दूध फुप्फुसात उतरतं. आधी कोरड्या गोणपाटाने खसाखसा पुसा, कापडात गुंडाळून डालग्यात गरम पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवा. तोंड उबदार झालं, मान धरायला लागलं की चीक पाजा. एरवी धडधाकट करडाला व्याल्यापासून तासाभराच्या आत चीक मिळालाच पाहिजे. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात मिळून २०० मिली, चार-पाच वेळा विभागून. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. थंडीवर उपाय म्हणून दारूचे थेंब पाजायची पद्धत काही वाड्यांवर अजून आहे, ती सोडा. दारूने अंगातली उरलीसुरली ऊबही निघून जाते.

शेळ्या दव उतरल्याशिवाय सोडू नका. ओल्या गवताच्या शेंड्यावर जंतांची पिल्लं चढलेली असतात, आणि दवात भिजलेला लसूणघास रिकाम्या पोटी खाल्ला की पोटफुगी होते.

गाय-म्हशीचं थोडक्यात सांगतो. मोठ्या संकरित गायीला झूल लागत नाही, वासराला लागते. ती दिवसा काढून उन्हात वाळवायची. भिजलेलं पोतं पाठीवर राहण्यापेक्षा उघडी पाठ बरी. दूध घटलं असेल तर आधी हौदात हात घालून बघा. जनावर गारढोण पाण्याला तोंड लावून मागे सरतं, आणि पाणी कमी तर दूध कमी. दहा वाजता आणि दुपारी ताजं उपसलेलं पाणी द्या. कडब्याचा मोठा वाटा संध्याकाळी टाका, रात्रभर रवंथ करताना पोटात ऊब तयार होते. ऊब यावी म्हणून भाकऱ्या, शिळा भात किंवा संक्रांतीच्या उरलेल्या गूळपोळ्या टोपलीभर घालू नका, पोटात आंबून जनावर आडवं होतं. धार काढल्यावर गायीला अर्धा तास तरी बसू देऊ नका, पुढ्यात वैरण टाका. सडाचं तोंड तोवर उघडं असतं, आणि ओल्या शेणात बसली की कासदाह, म्हणजे कासेची सूज, ठरलेला. सडांना चिरा पडल्या असतील तर धारेनंतर ग्लिसरीन लावा. जनावर धुवायचंच असेल तर भर दुपारी.

*थंडी वाढणार हे आधी कळेल का?* कळेल. मोबाइलवर हवामान खात्याचं मेघदूत ॲप घ्या. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा सल्ला मराठीत येतो, पुढच्या पाच दिवसांच्या किमान तापमानासकट. पिकाबद्दल विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक मोफत आहे.

शेळी नाकातून घट्ट शेंबूड टाकत असेल, कान पाडून एका बाजूला उभी असेल, श्वासागणिक कूस आत-बाहेर होत असेल, तर ताप मोजा. शेळीचं नेहमीचं तापमान १०३ फॅरनहाइटपर्यंत असतं. काटा १०४ च्या वर गेला, किंवा करडाचा १०० च्या खाली आला, तर काढा-लेपात दिवस घालवू नका. १९६२ या क्रमांकावर फोन करून पशुवैद्यकाला बोलवा, आणि ते येईपर्यंत तिला कळपातून वेगळी, कोरड्यात बांधा.