दाराला नोटीस चिकटली, पुढे काय?

प्रश्न: आमच्या घरामागे सासऱ्यांनी बांधलेल्या दोन पत्र्याच्या खोल्या आहेत. परवानगीचा कागद सापडत नाही. परवा पालिकेची माणसं 'चोवीस तासांत काढून घ्या' अशी नोटीस दाराला चिकटवून गेली. शेजारी म्हणतात, सुप्रीम कोर्टानं बुलडोझरच बंद केलाय. खरं का? – एक वाचिका

उत्तर: ताई, बुलडोझर बंद झालेला नाही. १३ नोव्हेंबर २०२४च्या निकालानं (न्या. भूषण गवई व न्या. के. व्ही. विश्वनाथन) त्याच्या वाटेत कागद आडवे घातले आहेत, एवढंच.

खोल्या तुमच्या स्वतःच्या जागेत असतील, तर नुसती चिकटवलेली नोटीस पुरत नाही. ती पोचपावतीसह रजिस्टर पोस्टानंही यायला हवी. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस किंवा स्थानिक कायद्यातली मुदत, यांतली जी उशिरा संपेल ती तुमची. कोणता भाग कोणत्या नियमात बसत नाही, सुनावणी कधी व कोणापुढे, हे नोटिशीत लिहिलेलं असावं. शिवाय नोटीस बजावल्याबरोबर जिल्हाधिकाऱ्यांना ई-मेल जायला हवा आणि त्याची पोच आपोआप आली पाहिजे. मागची तारीख टाकून नोटीस 'आधीच दिली होती' म्हणण्याची सोय यामुळे राहत नाही. आमच्या मते अख्ख्या निकालात सर्वांत कामाचं कलम हेच. त्या ई-मेलची प्रत माहिती अधिकारात मागा.

आज काय कराल? नोटिशीचा तारखेसह फोटो काढा. रजिस्टरचं पाकीट नाकारू नका. नाकारलं तरी ते मिळालं असंच धरतात. उत्तर लेखी द्या, सुनावणी मागा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. घरपट्टीच्या पावत्या जोडा, पण त्यांनी बांधकामाचं वय कळतं, ते अधिकृत ठरत नाही. म्हणून खोल्या नियमित होऊ शकतात का, हे आर्किटेक्टकडून नकाशावर तपासून त्याच उत्तरात मागणी करा. अंतिम आदेशात अधिकाऱ्याला नेमकं हेच सांगावं लागतं: बांधकाम नियमित का होत नाही, आणि थोडा भाग काढून का भागत नाही. आदेशानंतरही १५ दिवस मिळतात, अपिलासाठी किंवा स्वतः काढून घेण्यासाठी. पाडताना व्हिडिओ आणि पंचनामा सक्तीचा.

रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-तलाव यांवरचं बांधकाम किंवा कोर्टानंच पाडायला सांगितलेलं असेल, तर यातलं काही लागू नाही.

निकाल असूनही यंत्रणा चुकते. मार्च २०२५मध्ये नागपुरात दंगलीतील आरोपीचं घर पाडलं गेलं. नंतर उच्च न्यायालयात माफी मागताना पालिकेनं या सूचनांची माहितीच नव्हती असं सांगितलं! निकालाआधीचंही उदाहरण आहे: प्रयागराजला २०२१मध्ये रजिस्टर पोस्ट ६ मार्चला हाती पडलं आणि ७ मार्चला घरं पाडली. एप्रिल २०२५मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रत्येकी १० लाख रुपये द्यायला लावले. नोव्हेंबर २०२४च्या निकालाप्रमाणे सूचना मोडणाऱ्या अधिकाऱ्यावर अवमानाची कारवाई होऊ शकते आणि भरपाई त्याच्या स्वतःच्या खिशातून वसूल होऊ शकते.

प्रश्न: कायदा विधिमंडळ करतं. मग १५ दिवसांचा नियम कोर्टानं कसा घातला? – एक विद्यार्थी

उत्तर: राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२खाली सुप्रीम कोर्टाला 'पूर्ण न्यायासाठी' आदेश देता येतो आणि अनुच्छेद १४१मुळे सुप्रीम कोर्टानं सांगितलेला कायदा सर्व न्यायालयांना बांधतो. पण कोर्टानं पालिकेचा पाडण्याचा अधिकार काढून घेतलेला नाही. तो वापरण्याची रीत बांधून दिली. मुंबईतल्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या १९८५च्या ओल्गा टेलिस खटल्यातही हेच झालं. मुंबई महापालिका कायद्याचं कलम ३१४ नोटिशीविना अतिक्रमण हटवू देतं. पाच न्यायाधीशांनी ते रद्द केलं नाही. एरवी म्हणणं ऐकून घ्यावं, नोटीस टाळणं हा अपवाद, असा त्याचा अर्थ लावला. उपजीविका जगण्याच्या हक्कात आणली आणि पावसाळा संपून महिनाभर, ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंत हटवायला मनाई केली. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र दिला नाही.