विष उतरलं, तरी वासानं जीव का घाबरतो?

कपाशीवरची फवारणी सुरू झाली की ग्रामीण रुग्णालयातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो. फवारताना विषबाधा झालेला माणूस उपचार घेऊन घरी येतो, रिपोर्टही चांगले असतात. पण फवारणीच्या औषधाचा नुसता वास आला की त्याला दरदरून घाम फुटतो, मळमळतं, छाती धडधडते. घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला, नाहीतर बाहेरचं लागलं, नाहीतर कामाचा कंटाळा आला. या प्रश्नाला उत्तर म्हणून एका घरची हकिगत सांगते. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव. स्वतःची थोडी शेती, बाकी दिवस दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवारणी. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेकडो लोक दवाखान्यात गेले आणि कितीतरी दगावले, ते इथं कोणी विसरलेलं नाही. या घरच्या भाऊंचं दुखणं त्यानंतरचं, पण प्रकार तोच. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याएवढी, फवारा तोंडावर उडतोय, अंगात साधा सदरा. दुपारी डोळ्यांपुढं अंधारी आली, तोंडातून लाळ, उलट्या. शुद्धीवर आले ते अतिदक्षता विभागात.

वहिनी पहिल्यांदा आल्या तेव्हा एकट्याच आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर म्हणते सारं नॉर्मल आहे. मंग धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) गेल्याबरोबर हे पांढरेफटक काहून पडते? बाहेरचं त नाही लागलं?" भगताकडे जाऊन आल्या होत्या. त्यावरून मी त्यांना एका शब्दानं बोलले नाही. माणूस डोळ्यांदेखत झुरत असताना घरची बाई हातावर हात ठेवून बसणार नाही, ती दहा दारं ठोठावणारच.

पुढच्या खेपेला भाऊ आले. "म्या भेत नाई जी," ते म्हणाले. "पंप घरात असला त झोपच येत नाई. पहिले औषधाचाच वास सहन नव्हता होत, मंग फिनाईलचा, आता रॉकेलचाबी होत नाई." आणि जरा संकोचून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या दिवशी त्यांच्या तोंडात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, होता. तेव्हापासून खर्रा समोर आला की पोटात ढवळतं. वर्षानुवर्षांची सवय एका दुपारीत सुटली होती आणि पारावरचे मित्र चकित होते.

त्या खर्र्यावरूनच मी त्यांना सगळं समजावलं. खर्र्याची त्यांना भीती नव्हती, तो धोक्याचा आहे असंही त्यांनी मनाशी ठरवलं नव्हतं. तरी शरीरानं चव आणि मळमळ यांची गाठ मारून टाकली. जॉन गार्सिया या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५५ मध्ये हेच उंदरांवर दाखवलं. सॅकरिनचं गोड पाणी पीत असताना उंदरांवर किरणोत्सर्गाचा मारा केला, त्याचा त्रास झाला आणि पुढं ते त्या गोड पाण्याला तोंड लावीनात. मळमळीची गाठ चवीशी आणि वासाशी फार लवकर बसते. बहुतेकदा एकच अनुभव पुरतो, आणि मध्ये काही तास गेले तरी बसते. कर्करोगाच्या औषधांनी उलट्या झालेल्या काही रुग्णांना पुढच्या वेळी दवाखान्याच्या वासानंच मळमळतं, ते यामुळंच.

अशा गाठींचा शास्त्रशुद्ध अभ्यास पहिल्यांदा केला तो रशियाच्या इव्हान पावलोवनं. खाण्याआधी दर वेळी ठरावीक आवाज ऐकवला तर काही दिवसांनी कुत्र्याला नुसत्या आवाजानं लाळ सुटते. १९२० मध्ये जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी एका तान्ह्या बाळाला भीती शिकवली. बाळ पांढऱ्या उंदराला हात लावायला गेलं की मागं लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा. मग ते उंदराला पाहूनच रडू लागलं, आणि पुढं सशाला आणि केसाळ कोटालाही भ्यायलं. औषधाची भीती फिनाईलवर, फिनाईलवरची रॉकेलवर गेली, ती याच वाटेनं. त्या बाळाची भीती घालवायचं मात्र कोणी केलं नाही, याचा मला आजही राग येतो. ते काम १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्सनं दुसऱ्या एका मुलासोबत केलं. सशाला घाबरणारा छोटा पीटर आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा आणि दर वेळी थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला.

वहिनींनी शांतपणे ऐकलं आणि नेमका प्रश्न विचारला, "मंग आपोआप काहून नाई जात?" कारण भाऊ धुऱ्यावरून माघारी फिरत. फिरले की लगेच हायसं वाटे, आणि शरीर धडा घेई की फिरलो म्हणून वाचलो. प्रत्येक माघारीनं भीती आणखी पक्की होई. वहिनींनी मायेनं पंप शेजारी ठेवायला दिला, फिनाईल बंद केलं, त्यानंही तेच झालं.

काम सुरू करण्याआधी मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं. या विषांचा परिणाम कधी कधी नसांवर मागाहून दिसतो. अशक्तपणा, हातापायांना मुंग्या याला मनाचं दुखणं म्हणून सोडून देणं धोक्याचं आहे. तपासणी ठीक आली, मग आम्ही पायऱ्या ठरवल्या. भीती आण्यांत मोजायची, सोळा आणे म्हणजे सगळ्यात जास्त. घरात कोरा पंप पाहणं चार आणे, साध्या पाण्यानं पंप चालवणं दहा आणे, धुऱ्यावर बसणं बारा आणे. खालच्या पायरीपासून सुरुवात, आणि भीती निम्म्यावर येईपर्यंत उठायचं नाही. पहिल्यांदा पाण्याचा पंप सुरू केला तेव्हा भाऊंचा हात हँडलवर थरथरत होता, ओठ कोरडे पडले होते. "किती आणे?" "चवदा." काही वेळानं, "बारा." मग बराच वेळ बाराच. मी गप्प बसले. हळूहळू "सात" आलं तेव्हा ते स्वतःच माझ्याकडे वळून हसले.

औषधाच्या खऱ्या वासाची पायरी मी ठेवली नाही, कोणी ठेवूही नये. ते विषच आहे आणि त्याला भिणं बरोबर आहे. एक-दोघांनी मला सांगितलं, "मॅडम, याले पुन्हा फवारनीले लावा म्हंजे भेव जाईल." मी साफ नाही म्हटलं. भाऊंना स्वतःच्या वावरात निवांत भाकर खाता यावी एवढंच आम्ही ठरवलं होतं. रोजानं फवारायला जायचं नाही हा निर्णय त्यांनी शुद्ध विचारानं घेतला. खर्र्याची किळसही आम्ही तशीच राहू दिली.

पुढच्या पावसाळ्यात गावभर फवारणी सुरू झाली आणि वहिनींचा घाबराघुबरा फोन आला, "सारं पहिल्यासारखं झालं जी." पहिल्यासारखं झालं नव्हतं. शमलेली प्रतिक्रिया काही काळानं पुन्हा डोकं वर काढते हे पावलोवनंही नोंदवलं आहे. त्याच पायऱ्या पुन्हा चढायला सांगितल्या. या वेळी फार दिवस लागले नाहीत.

कुणाच्या घरी असं असेल तर त्या माणसाला हिणवू नका आणि एकदम ढकलूही नका. रोज रात्री दचकून उठणं, दारू वाढणं, मरणाची भाषा असं काही दिसलं तर थांबू नका. घरातलं फवारणीचं औषध आजच कुलपात टाका, किल्ली दुसऱ्याकडे द्या आणि त्याला दवाखान्यात आणा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या नंबरवर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतून, फुकट बोलता येतं. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.