तलावावरची पहिली रात्र

अरे, पहिल्यांदाच रात्री तलावावर मासे धरायला जातोयस, तर रॉड (गळाची काठी) कुठला घ्यायचा ते नंतर बघू. ठाण्यात तलाव ढीगभर असले तरी सगळीकडे गळ टाकता येत नाही. कुठे बंदी, कुठे मासेमारीचा ठेका. आधी परवानगी विचार, आणि रात्री एकटा बसू नकोस.

आमिष घरचंच कर: कणीक, भाजलेलं बेसन, थोडी शेंगदाणा पेंड. गोळा गळाला लावून बादलीत सोड. दहा मिनिटं टिकला तर जमलं. (आई ओरडेल, चालायचंच.) मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या पाण्यात, कटला वरच्या थरात. तू तळापासूनच सुरुवात कर.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- दर पाच मिनिटांनी गळ काढून बघणं.
- टॉर्च सारखा पाण्यावर मारणं.
- रीलचा ड्रॅग (मासा ओढेल तशी दोरी सुटू देणारा ब्रेक) आवळून डुलकी काढणं. माझा पहिला रॉड असाच गेला. पहाटे चारला बघतो तर रॉडचा टेकू आडवा आणि चिखलात पाण्यापर्यंत गेलेली रेघ. ड्रॅग सैल ठेव रे बाबा.

मासा सोडणार असशील तर हात ओले करूनच धर. डासांचं मलम विसरू नकोस. हेअर रिग (गळाबाहेर बारीक दोऱ्यावर आमिष अडकवायची जोडणी), बॉयली (आमिषाच्या उकडलेल्या गोळ्या) वगैरे पुढच्या खेपेला.